ऑल्टवाले अण्णा

सोलापुरात कोर्टाजवळच्या कुठल्याही टायपिंगच्या दुकानात शिरा, एक अण्णा तिथे असतातच. डाव्या हाताचा अंगठा ऑल्टच्या कळीवर, उजवा हात नंबरपॅडवर. "अण्णा, तो डिग्रीचा गोल येतो का हो?" गिऱ्हाईक चाचरत विचारतं. अण्णा मान वर न करता शून्य एक सात सहा ठोकतात. मे महिन्यात सोलापुरात या गोलाला उसंत नसते.

शून्य एक आठ नऊ म्हणजे अर्धा. शून्य दोन एक पाच म्हणजे गुणिले. टॉवेलच्या कोटेशनमध्ये ३० × ६० लिहिताना मधे इंग्रजी एक्स टाकणाऱ्याला अण्णा टायपिस्टच मानत नाहीत. आणि 'इन्सर्ट'मध्ये जाऊन 'सिम्बॉल'च्या तक्त्यात डोळे घालून बसलेला नवा पोरगा दिसला की, "काय बे, तांदूळ निवडायलास का?"

१५ जुलै २०१० ला सरकारने रुपयाचं नवं चिन्ह मंजूर केलं आणि अण्णांची झोप उडाली. लगेच एक फाँट आला. टॅबच्या वरची कळ दाबली की रुपया हजर. अण्णा खूश. पण फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की रकमेआधी रुपयाऐवजी नुसता एक फराटा! अण्णांच्या मते दोष अर्थातच त्या कॉम्प्युटरचा.

नंबरपॅड नसलेला लॅपटॉप हा त्यांचा जन्माचा वैरी. कोणी तो पुढे केला तर ते हातच लावत नाहीत. "मालक, याला अर्धंच अंग आहे."

खरी कमाल ऑटोकरेक्टमध्ये. लग्नपत्रिकांच्या हंगामात दोन दोन दंड कोण टाकत बसणार? म्हणून त्यांनी वर्डला शिकवून ठेवलंय: 'सिप्र' लिहून स्पेस दिली की '॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥'. पद्मशाली मंडळींच्या पत्रिका पुष्कळ, तेव्हा 'माप' लिहिलं की '॥ श्री मार्कंडेय प्रसन्न ॥'. पुढे त्याच मशीनवर एका कारखानदाराचं कोटेशन टाईप झालं. दर बरोबर, जीएसएम बरोबर, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: '॥ श्री मार्कंडेय प्रसन्न ॥ : ३० × ६० इंच'. कारखानदाराने ते तसंच पाठवलं. ऑर्डर आली. तेव्हापासून ती नोंद काढून टाकायला अण्णा तयार नाहीत. टॉवेलवाल्यांसाठी ते आता 'साईज' लिहितात.

कोड मात्र कोणाला सांगत नाहीत. पोरगा बघतोय असं वाटलं की नंबरपॅडवर तळहाताचा आडोसा धरतात, एटीएमवर धरावा तसा. विद्या दिली तर गिऱ्हाईक घरीच टाईप करेल, ही भीती. ती अगदीच खोटी नाही.

म्हणून गुपचूप सांगतो. वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर २०बी९ लिहा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. रुपया उमटतो, नंबरपॅड लागत नाही. ०९५० लिहून तेच केलंत तर ॐ. दुकानात मात्र माझं नाव घेऊ नका. माझं भाडेकराराचं काम अजून अण्णांकडेच पडलंय.