ताप निरंक!

बीड जिल्ह्याला आरोग्यात मागास म्हणणाऱ्यांची कीव येते. निदान इन्फ्लुएंझाच्या बाबतीत तरी आमचा जिल्हा पुण्याच्या कितीतरी पुढे आहे. 2009 साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो 3 ऑगस्टला, पुण्यात. दुसऱ्या दिवसापासून अख्खं पुणं तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागलं. पुणेकरांचं नशीबच खोटं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 पासून त्यांच्या उरावर बसलेली. घशात बोळा फिरवला की विषाणू हाती लागणारच. आमच्या जिल्ह्यात बोळा फिरवणाऱ्यांपेक्षा अंगारा लावणारे जास्त; त्यामुळे विषाणूला वर तोंड काढायची संधीच मिळाली नाही.

यात नवीन काही नाही. 1918 च्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. युद्धात गुंतलेल्या देशांनी साथीच्या बातम्या दाबून ठेवल्या. स्पेन तटस्थ होता, तिथल्या वर्तमानपत्रांनी खरं ते छापलं. या सचोटीचं बक्षीस म्हणून साथीला नाव पडलं स्पॅनिश फ्लू! जो मोजतो त्याच्याच माथी रोग, हा जगाचा न्याय आमच्या जिल्ह्याने चांगला ओळखला आहे.

कुणी म्हणेल, मोजायची यंत्रणा तर आहे. आहे की! 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे. उपकेंद्रातून एस फॉर्म, वैद्यकीय अधिकाऱ्याकडून पी फॉर्म, प्रयोगशाळेतून एल फॉर्म. आता हे सगळं ऑनलाइनही झालं. खोकला किती दिवसांचा, तेही विचारलं जातं. फ्लूसदृश आजाराची व्याख्यासुद्धा चोख आहे: ताप 38 अंश किंवा जास्त, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या दहा दिवसांतली. अडचण एवढीच की आमच्या माणसाला असा ताप येतच नाही. त्याला ‘कणकण’ येते. फार झालं तर ‘अंग मोडून’ येतं. मग तो गावातल्या खाजगी डॉक्टरकडे जातो आणि स्वतःच उपचार सांगतो: “सुई द्या, नाहीतर बाटली लावा.” बाटली संपली की संध्याकाळी तो पुन्हा रानात. एस, पी आणि एल या तिन्ही अक्षरांना चुकवून निघून जाणारा ताप पाहायचा असेल तर इकडे या.

अमेरिकेत गूगलने 2008 साली एक अचाट प्रयोग केला. लोक इंटरनेटवर तापाबद्दल काय शोधतात यावरून साथ कुठे पसरते आहे ते सांगायचं. 2009 ची पहिली लाट त्याला दिसली नाही, 2012-13 च्या हंगामात त्याने जवळपास दुप्पट फ्लू दाखवला आणि 2015 मध्ये दुकान बंद झालं. गूगलने इकडे विचारायला हवं होतं. आमच्याकडे तापल्या माणसाचं पहिलं शोधयंत्र म्हणजे मेडिकलवाला. चौकातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर शनिवारच्या बाजाराला कुणी बसवलं असतं, तर फ्लू कुठे चालला ते सोमवारच्या आत कळलं असतं. पण तिथल्या गोळ्यांना फॉर्म नाही.

आजार बळावलाच तर? बळावलेला आजार आम्ही जिल्ह्यात ठेवत नाही. आष्टी-पाटोद्याचा पेशंट नगरला, गेवराईचा संभाजीनगरला, परळीकडचा लातूरला. खरं तर ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं म्हणून ओळखलं जाणारं वैद्यकीय महाविद्यालय आमच्याच अंबाजोगाईत आहे. पण शेजाऱ्यांनाही मान द्यावा लागतो. पेशंटच्या मूळ जिल्ह्याला कळवायची पद्धत कागदावर आहे. मात्र दवाखान्यात भरती करताना पत्ता दिला जातो तो नगरच्या मेव्हण्याचा, आणि मोबाईल नंबरही त्याचाच.

सगळ्यात मोठी कामगिरी मात्र ऊसतोडीची. आपल्याकडे फ्लू वर्षात दोनदा जोर धरतो: पावसाळ्यात नि त्यानंतर, आणि मग जानेवारी ते मार्चमध्ये. नेमक्या या दुसऱ्या हंगामात आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने अंग टाकलं की कोयता थांबतो, खाडा पडतो आणि मुकादमाची उचल फिटायची राहते. म्हणून ताप कोपीतच राहतो, पहाटे उठून मोळ्या बांधतो. इकडे गावात नर्सबाई आणि आशाताई इमानाने दारोदार फिरतात. दाराला कुलूप. घर बंद, ताप निरंक! तिकडच्या गावच्या यादीत ही माणसं नाहीत, कारण ती ‘बीडची’. इकडच्या यादीत नाहीत, कारण ती ‘बाहेरगावी’. दोन जिल्ह्यांनी मिळून एका माणसाचा ताप शून्यावर आणल्याचं असं उदाहरण वैद्यकशास्त्रात दुसरं नसेल.

तपासणीतही काटकसर आहेच. नियमाने स्वाइन फ्लूच्या पेशंटची अ, ब, क अशी वर्गवारी होते. सौम्य लक्षणांच्या अ आणि ब गटांची चाचणी करायची नाही, दवाखान्यात भरती कराव्या लागणाऱ्या क गटाची करायची. यामागे शहाणपण आहे, नाहीतर प्रयोगशाळा बुडतील. पण मग आकडे कसे दिसतात पाहा. 2015 मध्ये महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे 8,583 रुग्ण नोंदले गेले आणि 905 मृत्यू. म्हणजे दहातला एक दगावला! एवढा भयंकर तो आजार नाही. अत्यवस्थ झाल्याशिवाय माणूस आपल्या मोजणीत येत नाही, इतकाच त्या भागाकाराचा अर्थ.

बीडच्या ऊसतोड मजुराला मोजता येत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. 2019 मध्ये गर्भाशय काढल्याच्या तक्रारींवरून आरडाओरड झाली, समिती बसली आणि जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत अडकलेले मजूर कारखान्यांवरून गावी निघाले, तेव्हाही तपासणी झाली, याद्या झाल्या, कोण कुठून आला ते ग्रामपंचायतीला कळलं. कारण त्या वेळी त्यांच्या तापाची भीती इतरांना वाटत होती.

तेव्हा पुढची साथ येण्याआधी तीन साधी कामं व्हावीत. गळीत हंगामात प्रत्येक कारखान्याच्या तळावर आठवड्याला तापाची नोंद व्हावी आणि तीत मजुराचं मूळ गाव लिहिलं जावं. गावच्या खाजगी डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला या मोजणीत घ्यावं. आणि जास्त रुग्ण दाखवणाऱ्या आरोग्य केंद्राला नोटीस नव्हे, शाबासकी मिळावी. हे जमत नसेल तर वाचकांनीच सहकार्य करावं: ताप आलाच तर तो सोमवार ते शनिवार, ओपीडीच्या वेळेत, स्वतःच्या तालुक्यात आणि 38 अंशांच्या वरच आणावा. त्याखालच्या तापाची दखल घेतली जाणार नाही.