सायकलला सुट्टी

मुंबईहून आग्रा रोडने इंदूरकडे निघालेला सायकलस्वार कसाऱ्याचा घाट चढून नाशकात शिरतो, तेव्हा त्याला फक्त आडवं व्हायचं असतं. वेळापत्रकात नाशिकसमोर त्याने 'विश्रांती' असं लिहिलेलं असतं. अर्थात हे वेळापत्रक त्याने घरी, पंख्याखाली बसून केलेलं असतं.

पंचवटीतल्या लॉजचा मॅनेजर वहीतून मान वर न काढता विचारतो, "विधी कोणता?" त्याचंही चूक नाही. त्र्यंबकेश्वर इथून तीसेक किलोमीटर, तिथला नारायण नागबळी तीन दिवस चालतो आणि पंचवटीत बोचकं घेऊन उतरणारा माणूस सहसा काहीतरी फेडायलाच आलेला असतो.

"कपडे धुवायचेत," स्वार सांगतो.

मॅनेजर आता मान वर काढतो. "एवढ्यासाठी मुंबईहून?"

सायकलची चड्डी धुणं हाही विधीच म्हणायचा. तिच्या बुडाशी गादी शिवलेली असते. ती पाणी पिते भरपूर आणि सोडते कंजुषासारखी. पिळावी तर शिवण उसवते, न पिळावी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही. म्हणून ती गॅलरीतल्या दोरीवर उन्हाच्या बाजूला टांगायची, तर तिथे शेजारच्या खोलीतल्या काकांचं सोवळं वाळत असतं. "अहो, अहो, शिवेल ना ते!" काका धावत येतात. वाटाघाटी होऊन चड्डीला सावलीतला कोपरा मिळतो. तिथे ती ठिबकत राहते.

पुढचा मुक्काम औषधाचं दुकान. रोज आठ-आठ तास खोगिरावर बसल्याने जिथे साल निघते, तिथे लहान बाळांचं झिंक ऑक्साइडचं मलम उत्तम चालतं, हे लांब पल्ल्याचे सगळे सायकलवाले जाणतात. दुकानातल्या ताई जाणत नाहीत.

"बाळ केवढं आहे?"

स्वार क्षणभर विचार करतो आणि चाळिशीतल्या माणसाला शोभेल इतक्या गांभीर्याने सांगतो, "सहा महिन्यांचं." ताई मोठी ट्यूब घ्यायला सुचवतात. तो घेतो.

खरी कसोटी मात्र ट्यूबच्या दुकानात. जुन्या नाशकातल्या सायकल दुकानदाराचा हात कसलेला. रिमची आउट नुसत्या नजरेने काढणारा माणूस. पण स्वाराच्या ट्यूबचा बारीक, सुईसारखा व्हॉल्व्ह बघून तो चष्मा लावतो. "अठ्ठावीसची आहे आपल्याकडे," तो म्हणतो. इथे गोम आहे. आपल्या जुन्या काळ्या, दणकट सायकलीचं चाक अठ्ठावीसचं, आणि या नव्या सायकलींच्या सातशेच्या चाकालाही बाजारात अठ्ठावीसच म्हणतात. प्रत्यक्षात टायर बसतो ती जागा एकीत ६३५ मिलिमीटर व्यासाची, तर दुसरीत ६२२. रबर ताणलं जातं, त्यामुळे तेवढ्याचं निभावेलही; पण जाड व्हॉल्व्ह रिमच्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून जाणार कसा? "त्यात काय, भोक मोठं करून देतो," म्हणत दुकानदार ड्रिल मशीन उचलतो. स्वार चाक छातीशी धरून दोन पावलं मागे सरकतो. शेवटी नव्या नाशकात, गिअरच्या सायकलींच्या दुकानात, हवी ती ट्यूब मिळते. जाता-येता रिक्षाला मोजलेले पैसे ट्यूबच्या किमतीच्या आसपास जातात.

तशी ट्यूब इथे मिळते यात नवल नाही. हे सायकलचं वेड लागलेलं शहर आहे. इथले डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. त्या शर्यतीत विश्रांतीचा दिवस नसतोच, घड्याळ थांबत नाही. पण मागून गाडी येते. तिच्यात खाणं देणारे, पंक्चर काढणारे, रस्ता सांगणारे असतात. टूर द फ्रान्समध्ये विश्रांतीचे दिवस असतात, तर त्या दिवशीही पाय आखडू नयेत म्हणून खेळाडू तासभर सायकल मारून येतात. त्यांनाही कपड्यांची बादली भरावी लागत नाही. ज्याच्यामागे गाडी नाही, तोच आपला धोबी, तोच मेकॅनिक आणि तोच हमाल.

मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा १९२३ मध्ये सायकलवरून जग फिरायला निघाले आणि १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर करून परतले. त्यांनी ओलांडलेल्या मेसोपोटेमियाच्या वाळवंटाचं कौतुक सगळे करतात. त्या साडेचार वर्षांत त्यांनी किती बादल्या कपडे धुतले असतील, हे कुणी विचारत नाही.

दुपारी मिसळ. इथे मात्र विज्ञान स्वाराच्या बाजूने आहे: स्नायूंमधला रिकामा झालेला साखरेचा साठा भरून यायला साधारण एक दिवस आणि भरपूर पिष्टमय खाणं लागतं. तो पाव पुन्हा मागवतो, मग पुन्हा. पापड, दही आणि वर जिलबी. वाढणारा भाऊ चौकशी करतो, "सायकलवर? इंदूरला? गाडी बिघडली का?"

पोट भरल्यावर पोस्ट. सामान जास्त झालंय हे स्वाराला घाटात कळलेलं असतं. आता दोन पुस्तकं, जाड टॉवेल आणि एक जीन्स घरी परत जाते. देशाची टपाल तिकिटं १९२५ पासून याच शहरातल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, म्हणून तो हौसेने विचारतो, "तिकीट कुठलं लावणार?" खिडकीतून उत्तर येतं, "बारकोड लागतो."

वजन कमी झाल्याचं समाधान तिबेटियन मार्केटपर्यंत टिकतं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी मिसळीसोबत वाचलेली असते, आणि मुंबईकराकडे स्वेटर नसतो. तो घेतो. टॉवेलापेक्षा जड.

संध्याकाळी साखळीला डिझेल, ब्रश, मग वंगण. सायकल भिंतीला टेकून लखलखते. तिने दिवसभरात एक फूटही अंतर कापलेलं नसतं. स्वार मात्र कसाऱ्यापेक्षा जास्त दमलेला असतो. चड्डी अजून ओलीच.

तेव्हा नाशिककरांनो, उद्या सकाळी चांदवडच्या दिशेने कॅरिअरला काळी चड्डी वाळत घालून जाणारा कुणी दिसला, तर त्याला "का?" असं विचारू नका. पुढच्या गावात बारीक व्हॉल्व्हची ट्यूब कुठे मिळते, तेवढं माहीत असल्यास सांगा.