चहाला बँकर

लोंढ्यात निवृत्त रेल्वेवाला ओळखायला पेन्शनचं पुस्तक बघावं लागत नाही. घड्याळाकडं न बघता तो गाडीच्या आवाजावरून वेळ सांगतो आणि कुणाच्याही हातचा चहा एका घोटात नापास करतो. आमच्या गल्लीतले गार्डसाहेब हा या वाणाचा अस्सल नमुना.

गोव्याहून घाट चढून येणारी लाइन जिथं मिरज-बेळगाव-हुबळीच्या लाइनीला मिळते, तिथं हयात गेलेली. त्यामुळं आपल्याला न भेटता कुठलाच चहा पुढं गेला नाही, असा त्यांचा ठाम समज. त्यांचा चहा म्हणजे म्हशीचं दूध, सढळ साखर, ठेचलेलं आलं आणि परसातली गवती चहाची पात. बाकी सगळी फुळकवणी.

अशा घरात लंडनची भाची 'अर्ल ग्रे'चा डबा घेऊन आली. कोऱ्या चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या सालीचं तेल लावलेलं असतं, हे फळ मुख्यतः इटलीतल्या कॅलाब्रियात पिकतं, एवढं तिनं कौतुकानं सांगितलं.

"चा चांगला असला तर वास कशाला लावतंय?" साहेब गरजले. "जुन्या मालालाच अत्तर लागतं."

"मग रोज तुमच्या चात ती पात कशाला वो टाकायची?" आतून मामींचा आवाज.

"ते औषध हाय."

भाचीनं कपात पुडी सोडली, वर उकळतं पाणी ओतलं आणि चार मिनिटं थांबायला सांगितलं. एका मिनिटात साहेब दोनदा वाकून बघून आले. पुडी निघाल्यावर त्यांनी कप नाकाशी नेला. "हे तर न्हाव्याकडचं कोलन!" यात त्यांचं नाक मात्र चुकलं नव्हतं, कोलनमध्येही बर्गमॉटचंच तेल पडतं.

मग रिवाजाप्रमाणं चहा बशीत आला. फुंकर मारायला मान खाली घातली, तर तळाचं निळं फूल पाकळ्यांसकट स्वच्छ दिसलं. ज्या चहातून बशीचं फूल दिसतं, त्याला या घरात थारा नाही. तरी पाहुणीचा मान म्हणून एक भुरका झाला. भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या.

"मामा, हा साधासुधा नाही हं," भाचीनं बाजू सावरली. "अर्ल ग्रे 1830 ते 1834 इंग्लंडचा पंतप्रधान होता. चीनच्या चहावरची कंपनी सरकारची मक्तेदारी त्याच्याच काळात, 1833च्या कायद्यानं गेली. चहाला त्याचं नाव कसं पडलं याचा मात्र पक्का पुरावा नाही."

"पंतप्रधान, आणि दूध परवडत नव्हतं होय?"

पुढं निकालपत्राचं वाचन झालं. "हे बघ बाळ. कुळ्याहून कॅसलरॉकला चढायचं तर 37 फुटाला 1 फूट चढ. नुसत्या पुढच्या इंजिनानं भागत नाही, मागनं ढकलायला बँकर इंजिन लावावं लागतं. चाला दूध म्हणजे बँकर. ह्याला बँकरच नाही, मग घशाच्या वर चढतंय कसं?" चहा घशातून खाली उतरायचा असतो, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चहा कंपन्यांनी आपल्याकडच्या स्टेशनांवर चहाचा प्रचार केला, तो नीट कसा करायचा हेही शिकवलं. फेरीवाल्यांनी पत्ती घेतली, शिकवण बाजूला ठेवली आणि दूध-मसाला वाढवला. पत्ती कमी खपते म्हणून मळेवाले कुरकुरत राहिले. गार्डसाहेब त्या फेरीवाल्यांच्याच घराण्यातले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार पुड्या कात्रीनं फोडल्या, भुकटी पातेल्यात टाकली, आलं, पात, साखर, दूध घातलं आणि तीन उकळ्या काढल्या. ओसरीवर येईल त्याला "लंडनचा चा" म्हणून कप मिळाला. सगळ्यांनी तारीफ केली. त्यांना तो रोजच्यासारखाच लागला होता.

भाची निघाली तेव्हा साहेब तिला स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलता हलता खिडकीशी वाकून म्हणाले, "पुढच्या खेपेला दोन डबे आण. पत्ती बरी हाय. वास तेवढा आम्ही काढतो."