आजोबांच्या गाडीचेही ब्रेक बघा

रिक्षा आठ वर्षांची झाली की दरवर्षी आरटीओत पासिंगला न्यावी लागते. त्या दिवसाचा धंदा बुडतो, आधी गॅरेजमध्ये खर्च होतो, पण पासिंग टळत नाही. साधी खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. आणि पन्नाशी ओलांडलेली, ‘व्हीए’ मालिकेची पाटी लावलेली विंटेज गाडी? 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये भरले की ती नोंदणी दहा वर्षं चालते. गाडी जितकी म्हातारी, तितकं तिच्याकडे कमी बघायचं, असा हा उलटा हिशेब आहे. तो बदलला पाहिजे.

नोंदणीच्या वेळी राज्याची समिती गाडी पाहते, हे खरं. पण विंटेज ठरण्याची कसोटी आहे गाडीच्या मूळपणाची: चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. मूळपणा दहा वर्षं टिकतो. ब्रेकचा होज टिकत नाही.

ब्रिटननं तर याहून मोठी चूक केली आहे. तिथली एमओटी चाचणी 1960 मध्ये, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना सुरू झाली, तीच मुळी दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासण्यासाठी. त्याच देशानं 2012 मध्ये 1960 पूर्वीच्या गाड्यांना या चाचणीतून सोडलं आणि मे 2018 पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या सगळ्याच गाड्यांना. शिवाय सूट घेतलेली गाडी रोज ऑफिसला न्यायलाही बंदी नाही. सरकार म्हणतं, गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची. धोकादायक गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड. पण ती धोकादायक होती हे कळणार कधी? बहुतेक वेळा ती कुणाला तरी धडकल्यावर.

आपल्याकडे निदान वापरावर बंधन आहे. विंटेज गाडी रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. ते योग्यच आहे. पण याच बंधनाचा आधार घेऊन मालक म्हणतात, ‘गाडी वर्षातून चारदा निघते, तपासायचं काय?’

इथेच खरी गोम आहे. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा, उभी गाडी जास्त बिघडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यानं व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि जाम होतात. रबरी होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून बंद होत आलेले असतात. टायरची नक्षी नवी कोरी असते, पण रबर कडक होऊन बाजूला तडे गेलेले असतात. टायरवरचे आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे वाचले तरच त्याचं वय कळतं. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत चकचकीत रंगाखाली चासी गंजत राहते. त्यातच आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांच्या पेट्रोल लाइनचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते खराब होऊन गरम इंजिनाजवळ गळायला लागलं तर आग लागायला एक ठिणगी पुरते. दहा वर्षांपूर्वीच्या तपासणीत हा धोका दिसणारच कसा?

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. कुठेही एक गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, पेडल थेट तळाला. आजच्या गाडीत अशा वेळी दुसरं सर्किट वाचवतं. ज्या यंत्राला चुकायची मुभाच नाही, त्याची तपासणी अधिक वेळा व्हायला हवी.

मालकांची एक भीती समजण्यासारखी आहे. कोवळा इन्स्पेक्टर सीटबेल्ट मागेल, आजचे प्रदूषणाचे निकष लावेल, गाडी उगाच नापास करेल. अजिबात नको. 1950 ची गाडी 1950 च्याच मापानं मोजावी. एमओटीतही हे होतंच: सीटबेल्ट मूळ गाडीत नसतील तर मागत नाहीत, 1975 पूर्वीच्या पेट्रोल गाडीचा धूर फक्त डोळ्यांनी पाहतात. सूट हवी ती निकषांत, तपासणीत नव्हे. प्रेमानं गाडी सांभाळणारे मालक पुष्कळ आहेत, त्यांनी या गाड्या जपल्या म्हणूनच त्या आज दिसतात. पण प्रेम होजच्या आत बघू शकत नाही.

मागणी साधी आहे. ब्रेक, होज, टायरचं वय, स्टिअरिंगचा प्ले, दिवे, चासीचा गंज एवढंच वर्षातून एकदा तपासा. नाममात्र शुल्क घ्या, जुन्या गाड्या जाणणारे मेकॅनिक आरटीओनं सोबत बसवावेत. अशा गाड्या आहेतच मोजक्या, कुणावर भार पडणार नाही.

आणि रॅलीच्या आयोजकांनी नियम बदलण्याची वाट पाहू नये. रॅलीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे असतात. प्रवेशअर्जासोबत त्याच वर्षीचा ब्रेक आणि टायर तपासल्याचा दाखला मागा. ज्याच्याकडे नसेल, त्यानं गाडी ट्रेलरवरून आणावी आणि उभी करून दाखवावी.