बोल्ट हलवणारे गृहस्थ

सुटीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीखाली शिरून बोल्टची मुंडी गोल करणारा गृहस्थ प्रत्येक कॉलनीत एक तरी असतो. दोन असले तर ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण एकाचा रिंग पाना दुसऱ्याकडे गेलेला असतो. लखनौच्या दक्षिणेला, कानपूर रस्त्यावर, विमानतळाच्या कुंपणाला लागून असलेल्या अमौसी भागात या जातीचा एक मराठी नमुना आढळतो. वय साठीच्या पुढे. अंगात बाह्यांचा बनियन, खिशात टेस्टर. दारात मारुती ८००, जिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले आणि जिच्या दुरुस्तीला तेव्हापासून ऊत आला आहे.

बाकी खुणा पुसट असू शकतात, पण एक हमखास ओळखीची आहे. दर पाच मिनिटांनी गाडीखालून आवाज येतो : “हलला!”

बोल्ट हललेला नसतो. पण गृहस्थ खोटे बोलतो असेही नाही. षटकोनी मुंडीवर पाना घट्ट बसला तर जोर तिच्या सपाट बाजूंवर पडतो. सैल बसला तर तो फक्त कोपऱ्यांवर येतो, कोपरे खचतात आणि पाना मुंडीवरून घसरत थोडा फिरतो. हाताला जाणवलेली हालचाल ही असते. म्हणजे काहीतरी हलले, हे विधान बरोबर आहे. कर्ता तेवढा चुकतो.

पाना सैल का बसतो, याला इतिहास आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टची मुंडी जपानी पद्धतीत बारा नंबरची, जर्मन पद्धतीत तेरा नंबरची. मारुतीचे घराणे सुझुकीचे, म्हणून गाडीबरोबर आलेले बोल्ट बारा नंबरचे. पुढे एकेक हरवत गेले, तशी त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातली तेरा नंबरची भरती झाली. बाजारात पाना दुतोंडी मिळतो, एका तोंडाला बारा, दुसऱ्याला तेरा. उताणे पडून, एका डोळ्यात माती गेलेली असताना, कोणते तोंड वर आहे हे कळत नाही. कळले तरी गृहस्थाचे मत ठाम असते : “एका मिलिमीटरनं काय होतंय!” जे होते ते वर सांगितले आहे. शिवाय त्याचा रिंग पाना बारा कोनांचा असतो. तो मुंडीला कोपऱ्यांजवळ धरतो, सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, बाजूंना धरते. गंजलेल्या बोल्टला सहा कोनांचीच गोटी लावावी, हे गृहस्थाला माहीत असते. ती गोटी शेजाऱ्याकडे असते.

फुलीच्या स्क्रूंचीही तीच कथा. जपानी फुली आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत पेटंट झालेली फिलिप्स फुली दिसायला बहिणी आहेत, मापाला नाहीत. फिलिप्सचा पेचकस जोर दिला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. यावर गृहस्थ स्क्रू हलक्या प्रतीचा असल्याचा शेरा मारतो आणि पुढे सरकतो.

यानंतर तेलाचा टप्पा येतो. लोखंड गंजले की फुगते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो गंज आट्यांमध्ये पाचरीसारखा ठासून बसतो. गंज सोडवणारे तेल आट्यांत झिरपायला वेळ घेते, म्हणून ते मारून बोल्ट रात्रभर तसाच ठेवावा असे जाणकार सांगतात. गृहस्थ चहा होईपर्यंत ठेवतो. कपबशी बोनेटवर ठेवून तो पुन्हा खाली जातो, आणि लगेच हलल्याची वार्ता येते. घरातल्या माणसांनी हा शब्द आता आपलासा केला आहे. फोन आला तर बाई सांगतात, “अहो, ते गाडीखाली आहेत. हललाय म्हणे.” पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर नमस्कार न करता थेट “आजोबा, हलला का?” विचारतो. एकदा शेजारी खरोखरच भूकंपाचा हलका धक्का बसल्याचे सांगायला आले, तर बाईंनी आतूनच “कुठला, पुढचा की मागचा?” असे विचारले.

तेलानंतर पान्यावर पाइप चढवला जातो. लांबी वाढली की जोर वाढतो, हे तत्त्व आर्किमिडीजपासून चालत आले आहे आणि मुंड्याही तेव्हापासून तुटत आल्या असाव्यात. मग छिन्नी. कडेवर तिरपी छिन्नी लावून सोडवायच्या दिशेने हातोडी मारली तर बोल्ट कधीकधी खरोखर फिरतो. गृहस्थ मात्र अंगठा वाचवण्यासाठी छिन्नी सरळ धरतो. मग दात असलेली पकड. ती मुंडीवर जे काही उरले असेल ते घेऊन परत येते.

शेवटचे हत्यार उलट्या आट्यांचे. बोल्टच्या मधोमध भोक पाडून त्यात डावीकडे फिरणारा, निमुळता, कडक पोलादाचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा. जोर वाढेल तसा तो अधिक घट्ट रुतत जातो आणि बोल्टला घेऊन बाहेर येतो. कडक पोलाद ठिसूळही असते. भोक मधोमध पडलेले नसेल आणि मूठ तिरकी झाली, तर एक्स्ट्रॅक्टर बोल्टच्या आतच मोडतो, आणि तो इतका कडक असतो की साध्या ड्रिलने त्याला भोकही पडत नाही. या क्षणी गाडीखाली शांतता पसरते. “हलला”सुद्धा ऐकू येत नाही.

मग गाडी ओढून जवळच्या ट्रान्सपोर्ट नगरात नेली जाते, जिथे ट्रकांच्या इंजिनांपुढे मारुती म्हणजे डबा-बाटली. मिस्त्री वाकतो, बघतो आणि देशातल्या सगळ्या गॅरेजांत विचारला जाणारा तो नाजूक प्रश्न विचारतो : “बाबूजी, इसे पहले किसने खोला था?” गृहस्थ विमानतळाच्या दिशेने पाहत म्हणतो, “ऐसा ही आया था.” मिस्त्री लखनौचा असल्यामुळे पुढे काही बोलत नाही. एक नट उरलेल्या खुंटावर ठेवून तो वेल्डिंग करतो. धग लागल्यावर गंजाची पकड सुटते, नटाला नवे कोपरे असतातच, आणि पान्याच्या एका झटक्यात बोल्ट बाहेर. पैसे देताना गृहस्थ मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवतो. “मैंने हिला के रखा था.”

बाहेर आलेला तो बोल्ट टाकून दिला जात नाही. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज उभे करण्यात पुढाकार घेतलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी शेकडो राग दहा थाटांत बसवले. अमौसीत तेच काम डालड्याच्या डब्यांत चालू आहे : लांब, आखूड, जाड आट्यांचे, बारीक आट्यांचे. कुठल्याच थाटात न बसणाऱ्यांच्या डब्यावर “लागतील” अशी चिठ्ठी आहे. आजवर लागलेले नाहीत.

हा नमुना अमौसीत कसा, याचे उत्तर थोडे पुढे, सरोजिनीनगरात आहे. इटलीतल्या इनोचेंती कंपनीने लँब्रेटा बनवणे थांबवल्यावर भारत सरकारने ती यंत्रसामग्री घेतली आणि १९७२ साली इथे स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली. मिलानमधली यंत्रे तिकडे सोडवली आणि इथे आवळली. लँब्रेटा त्याआधी मुंबईत जुळत असे, त्यामुळे त्या गाडीची ओळख घेऊन उत्तरेत नोकरीला येणारा मराठी माणूस अगदीच परका नव्हता. इथे विजय सुपर बनली, मग तीनचाकी विक्रम, जिला लखनौत टेम्पो म्हणतात. गृहस्थाची नोकरी जुळणीच्या रांगेवर गेली. ठरलेल्या जोराला टक् करणारा टॉर्क पाना हातात, समोरून सरकत येणारे सांगाडे. जानेवारी २०२१मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखाना बंद करायला मंजुरी दिली. गृहस्थ त्याआधीच निवृत्त झाला होता, पण त्या आठवड्यात गाडीखाली गेला नाही.

त्याच्या गोल मुंड्यांची खरी मीमांसा इथे आहे. त्याला आयुष्यभर आवळणे शिकवले. त्याच्या हातचा बोल्ट रस्त्यात सुटू नये हीच नोकरी होती, आणि बोल्ट सोडवणे हे दुसऱ्या कुणाचे तरी, पुढच्या गावातल्या मिस्त्रीचे काम होते. विमानांच्या काही बोल्टांना तारेने बांधून ठेवतात, हे तो डोक्यावरून जाणारे प्रत्येक विमान दाखवून आदराने सांगतो.

जानेवारीच्या धुक्यात, पहाटे, कॉलनीतल्या एखाद्याला गरोदर बाईला घेऊन निघायचे असते आणि चाक बसलेले असते. टायरवाल्याने हवेच्या बंदुकीने नट असे आवळलेले असतात की दोघातिघांना ते हलत नाहीत. तेव्हा लोक ज्याच्या तोंडाला कंटाळलेले असतात त्याचेच दार वाजवतात. कानटोपी घालून तो येतो, पाना नटावर बसवतो, हाताने चाचपून तो पूर्ण बसल्याची खात्री करतो, आणि उभा राहून त्यावर पाय देतो. माप बरोबर असते, कारण चाकाचा पाना गाडीबरोबर आलेला असतो. पाचही नट निघतात. यातल्या एकाही नटाला तो “हलला” म्हणत नाही.

असे गृहस्थ ज्यांच्या शेजारी असतील त्यांनी त्यांच्या दुरुस्तीवर हसावे, त्यांना आपल्या गाडीला हात मात्र लावू देऊ नये. आणि त्यांची बारा नंबरची, सहा कोनांची गोटी ज्यांच्याकडे गेली असेल, त्यांनी ती आधी परत करावी.