कचरो इलो!

देवबागच्या खाडीत एखाद्या होडीचं आउटबोर्ड नुसतं खोकलं, तरी काठावर काका हजर होतात. वय साठीपलीकडे, इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री आणि हातात एक फुगीर कापडी पिशवी. त्या पिशवीत पाने-पक्कड असतील असं नवख्याला वाटतं. पण काकांनी आयुष्यात पान्याला हात लावलेला नाही. ते इंजिन बघतात ते कानाने.

तक्रार ठरलेली असते. रेस दिली की मशीन ठणठणीत, रेस सोडली की थरथरतं, मिसिंग मारतं आणि बंद पडतं. होडी जेटीला लावताना, गिअर टाकताना नेमकं स्लोच चालावं लागतं, आणि तिथेच ते दगा देतं. डॉल्फिन बघायला निघालेले पर्यटक लाइफ जॅकेटात घामाघूम होऊन बसलेले, तांडेल दोरी ओढून ओढून लालबुंद. काका डोळे मिटतात, मान किंचित कलती करतात आणि निकाल देतात, "कचरो इलो."

कचरा म्हणजे कार्बोरेटरातला. आता गंमत अशी, की सप्टेंबरात हे निदान बहुतेकदा खरं ठरतं. पावसाळाभर होड्या माडांखाली झाकून ठेवलेल्या असतात. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. स्लोच्या जेटचं भोक केसाएवढं, ते आधी बुजतं. मोठ्या जेटला तेवढ्याने काही होत नाही, म्हणून रेसला मशीन छान पळतं. शास्त्र असं काकांच्या बाजूने उभं असल्यावर त्यांना जेटीवरून हलवणार कोण? १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूडने आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं, तेव्हा तिथल्या तळ्याकाठीसुद्धा असा एखादा काका छत्री घेऊन उभा असणारच. नसेल तर अमेरिकेचं दुर्दैव.

पंचाईत होते जानेवारीत, रोज चालणारं मशीन बिघडतं तेव्हा. तांडेलाचा भाचा आयटीआय शिकलेला, अबोल. तो आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहतो. मग पाइपातला रबरी फुगा दाबून बघतो. दाबल्यावर मशीन सावरलं, तर पंप कमजोर आहे किंवा पाइप कुठेतरी हवा ओढतोय. मग चोक अर्धा ओढतो. त्याने सुधारलं, तर पेट्रोल कमी पोचतंय. शेवटी रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढतो. जी काढूनही आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर झोपलेला.

काकांना हा सगळा पोरखेळ वाटतो. "नाडी बघता तो डॉक्टर," ते पर्यटकांना समजावतात, "आणि तपासणेचे चिठ्यो लिवता तो कंपौंडर."

कंपाउंडर गप्प राहून झोपलेल्या सिलिंडरचा प्लग काढतो. काळाकुट्ट, तेलाने ओला. टू-स्ट्रोकला लिटरभर पेट्रोलात वीस मिली तेल पुरतं. इथे दुप्पट पडलेलं. का पडलं, ते सगळ्या जेटीला ठाऊक आहे. "मशीनाच्या पोटात जरा तेल जावंदे, जीव धरतला," असं गेल्या आठवड्यात कोणी सांगितलं होतं, तेही ठाऊक आहे. आता तरी काका ओशाळतील, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघतात. काका पुढे होतात, प्लग उन्हात धरतात आणि त्यावरची काजळी नखाने खरवडून सर्वांना दाखवतात.

"ह्यो काय? कचरोच मा!"

या माणसाला हरवणं शक्य नाही. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आलं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पडून राहिलेल्या टाकीत ते पाणी तळाला बसतं, हे भाच्याने एकदा धीर करून सांगितलं होतं. "म्हणजे आता सरकारच कचरो घालून देता," काका म्हणाले. त्या दिवशी तर भाचाही मान हलवून मोकळा झाला.

नवा प्लग बसतो, मशीन स्लोला घड्याळासारखं टिकटिकू लागतं. तांडेल पर्यटकांना हात देऊन चढवायला लागतो, तोच काका पिशवी सांभाळत सर्वांत आधी नाळीवर जाऊन बसलेले असतात. "ट्रायल घेतल्याबिगर गिऱ्हाइक घेव नुको. भोगव्यापर्यंत चल."

भोगवे खाडीच्या पलीकडे. पाण्यातून हाकेवर, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. काकांची लेक तिथे दिलेली आहे. होडी पलीकडच्या काठाला येताच काका ओरडतात, "स्लो कर, स्लो कर, आयडलिंग बघूया!" मशीन एकसुरात गुरगुरत राहतं. काका समाधानाने मान डोलावतात, लुंगी वर धरून पाण्यात उतरतात, नातवासाठी आणलेल्या खाज्याची आणि लेकीसाठी आणलेल्या कुळथाच्या पिठाची पिशवी डोक्यावर घेतात आणि मागे वळून बजावतात,

"सांजेक पाच वाजता परत एक ट्रायल घेवक व्हयी. गरम मशीनाचो भरवसो नाय."