सायलेन्सर : रचना, सुधारणा व उपभोग

दुचाकीचा सायलेन्सर कशासाठी असतो, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन प्रत्येक वाहनाला असावे लागते. एमएच २६ आणि एमएच २४ या पाट्यांच्या मुलखात, म्हणजे नांदेड व लातूर जिल्ह्यांत, हेच साधन आवाज वाढवण्यासाठी पदरचे पैसे घालून बसवून घेतले जाते.

मूळ रचना अशी. सिलिंडरमध्ये इंधन पेटले की तापलेला वायू दाबाने बेंड पाइपात शिरतो. तो तसाच मोकळा सोडला तर प्रत्येक धडाका गल्लीला मोजता येईल. म्हणून कंपनी पुढे एक डबा जोडते. डब्यात पडदे आणि भोकांच्या नळ्या असतात. वायू या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरतो, पसरतो, थंड होतो आणि बाहेर येईपर्यंत मवाळ होतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच वाटेवर बसवलेला असतो. हे सगळे जुळवायला अभियंत्यांच्या पिढ्या खपल्या. उतरवायला एक पाना पुरतो.

सुधारणेचे प्रकार तीन. पहिला, आतली जाळी काढणे. हा गरिबाला परवडणारा. दुसरा, अख्खा डबा बदलून ‘इंदोरी’ वगैरे नावाने मिळणारा बसवणे. कंपनीचा मूळ डबा तेव्हा माळ्यावर जातो आणि पोलिसांची मोहीम निघाली की खाली येतो. तिसरा प्रकार कलेचा: फटाका. चालत्या गाडीच्या इंजिनाचे बटण क्षणभर बंद करायचे. इंजिन फिरत राहते, पण ठिणगी पडत नाही; न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत साठते. बटण पुन्हा चालू केले की ते नळीतच पेटते. पेट्रोलच्या भावावरून सरकारला शिव्या देणारा तरुण हेच पेट्रोल अशा रीतीने हवेत उडवतो.

या सुधारणेमुळे पिकअप वाढतो, असे सांगितले जाते. इंधन आणि हवेचे प्रमाण नव्या नळीप्रमाणे जुळवून घेतले नाही, तर नुसता डबा बदलून इंजिन बिघडण्याचीच शक्यता अधिक. गाडी वेगात असल्याचा भास मात्र पक्का होतो, आणि वाहतूक तुंबलेल्या चौकात भासावरच समाधान मानावे लागते.

बुलेटला या क्षेत्रात मानाचे स्थान आहे. तिच्या एकाच मोठ्या सिलिंडरमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच इंधन पेटते, त्यामुळे हळू चालताना प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. आवाजाला मोल असते, हे अमेरिकेतही मानतात. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मागितली आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला. मराठवाड्यात अर्जाची पद्धत नाही. हक्क थेट रस्त्यावर बजावला जातो.

उपभोगाची ठिकाणे ठरलेली आहेत. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे तिथे एकदा ॲक्सिलरेटर पिळला की सोळा दिशांना खबर जाते. उद्योग भवनाच्या शिकवणी परिसरात राज्यभरातून आलेली मुले नीटची तयारी करतात. कानाच्या रचनेवरील धडा त्यांना खिडकीतून प्रात्यक्षिकासह मिळतो. नांदेडला वजिराबाद आणि आयटीआय चौक ही केंद्रे होत. सामूहिक उपभोगासाठी भाऊंच्या वाढदिवसाची रॅली असते.

कायद्याचा भाग थोडक्यात. १७५ सीसीवरील मोटारसायकल कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. परिसरातल्या एकूण आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, तर रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे मानक मोडण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना बाळगण्यास अपात्रता. पीयूसी केंद्रावर मात्र धूर तपासतात, आवाज नाही. त्यामुळे खिशात प्रमाणपत्र आणि बुडाखाली फटाका, असा प्रवास सुखाने होतो. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवला आहे. छायाचित्र छापून येते. विक्री करणाऱ्या दुकानांकडे रोलर सहसा वळत नाही, कारण तो हळू चालतो.

या सुधारणेतला दातृत्वाचा भाग दुर्लक्षित राहिला आहे. नळीचे तोंड मागे असते आणि मालक पुढे बसतो. खर्च त्याचा, दंड त्याचा. आवाजाचा मोठा वाटा मागच्या रिक्षावाल्याला, पाळण्यातल्या लेकराला आणि नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाला. आवाजाच्या खऱ्या दर्दी माणसाने नळी वर वळवून आपल्याच कानाशी सोडून घ्यावी. हेल्मेट सहसा नसतेच, तेव्हा अडचणही नाही. अशी सुधारणा कोणी मागितल्याचे अद्याप ऐकिवात नाही. याचा अर्थ एवढाच, की हा आवाज मालकालाही ऐकायचा नसतो, फक्त ऐकवायचा असतो.